प्रौढांचा तीव्र रक्तकर्करोग : अधिजनुकीय औषधांचे संयुक्त उपचार

गावातील साठी-सत्तरीचे एखादे गृहस्थ दोन-तीन आठवड्यांत एकाएकी थकू लागतात. चार पायऱ्या चढताना धाप लागते, चेहरा पांढराफटक पडतो, ताप येतो आणि हटत नाही. दात घासताना हिरड्यांतून रक्त येते, मार न लागताही अंगावर काळेनिळे डाग उठतात. घरची मंडळी वयाला, उन्हाला किंवा तुटलेल्या जेवणाला दोष देतात, आणि पुष्कळदा ते बरोबरही असते. परंतु क्वचित प्रसंगी या सर्व तक्रारींच्या मुळाशी एकच व्याधी असते. ती म्हणजे तीव्र रक्तकर्करोग होय.

तरुण व सशक्त रुग्णास या रोगावर जालीम औषधे देता येतात. वृद्ध रुग्णास मात्र ती सोसवत नाहीत. यास्तव वृद्धांना झेपेल असा उपचार शोधण्याचे काम अनेक देशांत गेली कित्येक वर्षे चालू आहे. त्या शोधातून अधिजनुकीय, म्हणजेच एपिजेनेटिक, औषधांचा एक नवा वर्ग पुढे आला. एका औषधाने जे साधत नाही ते दोन औषधांच्या मेळाने साधेल काय, हा त्यातील कळीचा प्रश्न आहे. या प्रश्नाचे उत्तर सरळ नाही. काही मेळ फसले, काही अपेक्षेपलीकडे यशस्वी झाले. ते का, हे समजून घेणे उद्बोधक ठरेल.

रोगाचे स्वरूप

रक्तातील पेशी हाडांच्या पोकळीतील अस्थिमज्जेत तयार होतात. तांबड्या पेशी प्राणवायू वाहून नेतात, पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी लढतात आणि प्लेटलेट नावाच्या सूक्ष्म कणिका रक्तस्राव थांबवितात. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, प्लेटलेट आठ-दहा दिवसच टिकते. म्हणून मज्जेला अहोरात्र नवी भर घालावी लागते. तेथील मूळ पेशी प्रथम अपक्व असतात, टप्प्याटप्प्याने पक्व होतात आणि मगच आपापल्या कामावर रुजू होतात.

तीव्र रक्तकर्करोगात हा क्रम मध्येच खुंटतो. पेशी पक्व न होताच वाढत राहतात. निरोगी मज्जेत अपक्व पेशींचे प्रमाण शंभरात पाचांहून कमी असते. या रोगात ते सर्वसाधारणपणे वीस किंवा त्याहून अधिक होते. शेतात तण माजले की पिकाला जागा उरत नाही, तशी मज्जेची गत होते. तांबड्या पेशी घटल्याने थकवा व धाप, उपयोगी पांढऱ्या पेशी घटल्याने ताप व जंतुसंसर्ग आणि प्लेटलेट घटल्याने रक्तस्राव, अशी तिहेरी लक्षणे दिसतात.

प्रौढांमध्ये या रोगाचा मायलॉइड हा प्रकार अधिक आढळतो. त्यावर १९७३ साली प्रसिद्ध झालेली एक उपचारपद्धती आजही पायाभूत मानली जाते. सायटाराबीन हे औषध सात दिवस व डॉनोरुबिसीन हे तीन दिवस शिरेतून देण्यात येते. तीत वाढत्या पेशींचा सरसकट नाश होतो, त्याबरोबर निरोगी मज्जाही काही आठवडे ओस पडते. हृदय, मूत्रपिंड वा फुफ्फुसे आधीच थकलेल्या रुग्णास तो काळ निभावून नेणे कठीण असते. पेशी मारण्याऐवजी तिला पुन्हा वळणावर आणता येईल काय, असा विचार त्यातूनच बळावला.

जनुकांचे दप्तर

हा विचार समजण्यासाठी पेशीच्या अंतरंगात डोकावणे अगत्याचे आहे. प्रत्येक पेशीच्या केंद्रकात डीएनएचा सुमारे दोन मीटर लांबीचा धागा असतो आणि तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान जागेत गुंडाळून ठेवलेला असतो. त्या धाग्यावर सुमारे वीस हजार जनुकांत प्रथिने बनविण्याच्या सूचना लिहिलेल्या असतात. डोळ्याची पेशी असो वा रक्ताची, दप्तर तेच. फरक पडतो तो कोणती पाने उघडली जातात यामुळे.

जुन्या दप्तरखान्यातील कागद रुमालात बांधून ठेवीत असत. गाठ घट्ट असली की आतील कागद शाबूत असूनही वाचता येत नाही. पेशीतही नेमके असेच घडते. डीएनएचा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. रिळांना ॲसिटिल नावाचा रासायनिक गट जोडला गेला की गुंडाळी सैल होते व जनुक वाचले जाते. तो काढला की गाठ पुन्हा आवळते. दुसरी व्यवस्था शिक्क्याची आहे. डीएनएच्या चार अक्षरांपैकी सायटोसीन या अक्षराला मिथिल हा चिमुकला गट चिकटतो. जनुकाच्या आरंभी असे शिक्के दाटीने उमटले की ते जनुक मुके होते. अक्षर न बदलता वाचन बदलणाऱ्या या साऱ्या व्यवस्थेस अधिजनुकीय नियंत्रण म्हणतात. ‘एपिजेनेटिक्स’ हा शब्द ब्रिटिश शास्त्रज्ञ कॉनरॅड वॉडिंग्टन यांनी १९४२ साली रूढ केला.

रक्तकर्करोगाच्या पेशींत वाढीला लगाम घालणारी व पेशीला पक्व करणारी कित्येक जनुके शाबूत असूनही शिक्क्याखाली किंवा घट्ट गाठीत अडकलेली आढळतात. शिवाय शिक्के मारणाऱ्या व्यवस्थेतच बिघाड झालेला असतो. अमेरिकेतील संशोधकांनी २०१० साली २८१ रुग्णांच्या पेशी तपासल्या, तेव्हा सुमारे २२ टक्के रुग्णांत डीएनएमटी-३ए या शिक्के मारणाऱ्या विकराच्या जनुकात दोष आढळला. फाटलेला कागद जोडता येत नाही, पण बांधलेला रुमाल सोडता येतो. या उपचारांमागील आशा ती हीच.

जुन्या औषधाचा नवा उपयोग

ॲझासिटिडीन व डेसिटाबीन ही दोन औषधे १९६४ साली तत्कालीन चेकोस्लोव्हाकियातील प्राग येथे तयार झाली. प्रारंभी ती पेशी मारणारी औषधे म्हणून मोठ्या मात्रेत वापरण्यात आली. दुष्परिणाम फार झाल्याने ती मागे पडली. पुढे पीटर जोन्स व शर्ली टेलर यांनी १९८० साली एक विलक्षण निरीक्षण प्रसिद्ध केले. अल्प मात्रेत ॲझासिटिडीन दिलेल्या उंदराच्या पेशी मेल्या नाहीत, उलट त्यांतून स्नायूच्या पेशी निर्माण झाल्या. आणि त्याचे कारण डीएनएवरील मिथिलचे शिक्के निघून जाणे हे होते.

हे कसे घडते? पेशी दुभंगण्यापूर्वी आपल्या संपूर्ण दप्तराची नक्कल करते. नक्कल होताच एक विकर जुन्या प्रतीवरील शिक्के पाहून नव्या प्रतीवर तसेच शिक्के उमटविते. ॲझासिटिडीन सायटोसीनसारखे दिसते, म्हणून नक्कल करताना ते त्या अक्षराच्या जागी बसविले जाते. शिक्का मारण्यास आलेले विकर त्या खोट्या अक्षराला चिकटून बसते व निकामी होते. पुढील प्रती बिनशिक्क्याच्या निघतात आणि मुकी जनुके बोलू लागतात. मात्र ज्या पेशीत नक्कल चालू आहे तिच्यातच हे औषध शिरकाव करू शकते, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढील कथेची किल्ली तिच्यातच आहे. औषधाचा सगळा गुण शिक्के निघण्यामुळेच येतो, की त्यात पेशीवरील इतर आघातांचाही वाटा आहे, याविषयी मात्र संशोधकांत अद्याप मतभेद आहेत.

रक्तकर्करोगाच्या उंबरठ्यावरील मायलोडिस्प्लास्टिक विकारासाठी ॲझासिटिडीनला अमेरिकेत २००४ साली व डेसिटाबीनला २००६ साली मान्यता मिळाली. या विकाराच्या अधिक धोक्याच्या ३५८ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. प्रचलित उपचारांवरील रुग्णांचे मध्यक आयुर्मान १५ महिने, तर ॲझासिटिडीनवरील रुग्णांचे २४.५ महिने भरले. मध्यक म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून कमी व निम्मे त्याहून अधिक काळ जगले, असा अर्थ घ्यावयाचा. तीव्र रक्तकर्करोगाच्या ६५ वर्षांवरील ४८८ रुग्णांच्या २०१५ सालच्या चाचणीत हे आकडे ६.५ व १०.४ महिने असे होते. लाभ झाला, पण तो अपुराच होता.

दोन औषधांचा पहिला मेळ

मग शिक्काही काढावा आणि गाठही सोडावी, हा विचार ओघानेच आला. गाठ आवळणाऱ्या विकरांना रोखणारी औषधे उपलब्ध होती. फेफऱ्यावर वर्षानुवर्षे दिले जाणारे व्हॅल्प्रोइक आम्लही तसे कार्य करते, हे २००१ साली दिसून आले. व्होरिनोस्टॅट हे याच वर्गातील औषध २००६ साली त्वचेच्या एका लिम्फोमासाठी मान्य झाले.

बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात स्टीफन बेलिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली या मेळाचा पाया घातला. काचपात्रातील कर्कपेशींवर नुसते गाठ सोडणारे औषध टाकले असता शिक्क्याखालील जनुके मुकीच राहिली. प्रथम अल्प मात्रेत शिक्का काढणारे औषध देऊन मागाहून गाठ सोडणारे दिले, तेव्हा ती जोमाने जागी झाली. या निष्कर्षाने मोठा उत्साह निर्माण झाला व पुढील पंधरा-वीस वर्षांत रुग्णांवर अनेक चाचण्या झाल्या.

अपेक्षाभंग आणि त्याचा बोध

केवळ थोड्या रुग्णांवर केलेल्या आरंभीच्या चाचण्या आशादायक वाटल्या. परंतु चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे रुग्णांचे दोन गट पाडून तुलना केली, तेव्हा चित्र पालटले. अमेरिकेतील एका चाचणीचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्यात एका गटास नुसते ॲझासिटिडीन व दुसऱ्यास ॲझासिटिडीन आणि एन्टिनोस्टॅट असे दोन्ही दिले होते. एकट्या औषधाने ३२ टक्के रुग्णांच्या रक्तात सुधारणा झाली, तर मेळाने २७ टक्के. मध्यक आयुर्मान अनुक्रमे १८ व १३ महिने होते. दोन औषधांनी एकाहून अधिक काम केले नाही ते नाहीच. शिवाय मेळ घेतलेल्या रुग्णांच्या पेशींतून शिक्केही कमीच निघाले होते.

याचे संभाव्य स्पष्टीकरण वर सांगितलेल्या किल्लीत आहे. एन्टिनोस्टॅट पेशीचे विभाजन थांबविते. विभाजन थांबले की नक्कल थांबते, आणि नक्कल थांबली की ॲझासिटिडीनचे खोटे अक्षर बसणार कोठे? या चाचणीत दोन्ही औषधांचे दिवस एकमेकांत मिसळलेले होते. काचपात्रात एकामागून एक दिल्याने जे साधले, ते रुग्णाच्या देहात बरोबरीने दिल्याने बिघडले. एका मजुराने दुसऱ्याचीच वाट अडवावी, तसा हा प्रकार झाला. पुढे प्रॅसिनोस्टॅट या त्याच वर्गातील औषधाची तीव्र रक्तकर्करोगावरील मोठी चाचणी लाभ दिसण्याची शक्यता नसल्याने २०२० साली थांबविण्यात आली.

हे प्रयत्न वाया गेले असे मात्र म्हणता येणार नाही. मेळ प्रयोगशाळेत कितीही पटणारा असला तरी तुलनात्मक चाचणीवाचून तो रुग्णास देणे धोक्याचे असते, हा धडा त्यांनी दिला. औषधांचा क्रम व वेळ यांस मात्रेइतकेच महत्त्व असते, हा दुसरा.

शांघाय, हार्बिन आणि वेल्लोर

यशस्वी मेळ कसा असावा याचे उत्तम उदाहरण प्रोमायलोसायटिक या उपप्रकारात मिळते. एके काळी हा प्रकार अतिशय घातक समजला जाई. रुग्ण रक्तस्रावाने काही दिवसांतच दगावत. यात १५ व १७ क्रमांकांच्या गुणसूत्रांची अदलाबदल होऊन एक जोडप्रथिन तयार होते. हे प्रथिन गाठ आवळणाऱ्या विकरांना पेशी पक्व करणाऱ्या जनुकांपाशी आणून बसविते, असे १९९८ साली स्पष्ट झाले.

शांघाय येथील वैद्य वांग झेन्यी यांनी १९८५ पासून अ जीवनसत्त्वापासून बनलेले ट्रेटिनॉइन हे औषध या रुग्णांना देण्यास प्रारंभ केला. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या २४ रुग्णांच्या अहवालात सर्वांचा रोग ओसरल्याची नोंद आहे. पेशी मरण्याऐवजी पक्व झाल्या होत्या. तत्पूर्वी १९७० च्या दशकात चीनमधीलच हार्बिन येथे झांग टिंगडाँग यांनी एका लोकवैद्यकातील औषधाचा माग काढून आर्सेनिक ट्रायऑक्साइडचा, म्हणजे मराठीत ज्यास सोमल म्हणतात त्याचा, उपयोग दाखवून दिला होता. आपल्या देशात वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९९८ ते २००४ या काळात ७२ रुग्णांवर केवळ आर्सेनिकचा उपचार करण्यात आला व सुमारे ८६ टक्के रुग्णांचा रोग ओसरला. हा अनुभव जगभर अभ्यासला गेला.

पुढे ही दोन्ही औषधे एकत्र देण्यात आली. ट्रेटिनॉइन त्या जोडप्रथिनाच्या एका टोकास धरते, आर्सेनिक दुसऱ्या टोकास. दोहोंच्या ओढीने ते प्रथिनच नष्ट होते. येथे एक औषध दुसऱ्याची वाट अडवीत नाही. कमी व मध्यम धोक्याच्या रुग्णांवरील २०१३ सालच्या चाचणीत या मेळावरील ९७ टक्के रुग्ण दोन वर्षांनंतरही रोगाच्या अडथळ्यावाचून जगत होते. ट्रेटिनॉइन व किमोथेरपी घेणाऱ्यांत हे प्रमाण ८६ टक्के होते. सोमल हे जहाल विष आहे, याचा विसर मात्र पडता कामा नये. रुग्णालयात हृदयाचा आलेख व रक्तातील क्षार वरचेवर तपासूनच ते दिले जाते. घरगुती अथवा बाजारी सोमल औषध म्हणून घेणे प्राणघातक ठरेल.

नवे मेळ

इतर प्रकारांतही हाच मार्ग आता अनुसरण्यात येत आहे. शंभरातील सहा ते दहा रुग्णांत आयडीएच-१ या जनुकात दोष असतो. त्यामुळे पेशीत एक अनिष्ट पदार्थ साचतो आणि शिक्के काढणाऱ्या नैसर्गिक विकरांना तो निकामी करतो. आयव्होसिडेनिब हे औषध तो पदार्थ बनू देत नाही. एकीकडे नवे शिक्के रोखणारे ॲझासिटिडीन, दुसरीकडे जुने शिक्के काढणाऱ्यांना मोकळे करणारे आयव्होसिडेनिब, असा हा मेळ आहे. हा दोष असलेल्या १४६ रुग्णांवरील चाचणीत मध्यक आयुर्मान ७.९ महिन्यांवरून २४ महिन्यांवर गेल्याचे २०२२ साली प्रसिद्ध झाले.

ज्यांच्यात असा विशिष्ट दोष नाही त्यांच्यासाठी ॲझासिटिडीन व व्हेनेटोक्लॅक्स हा मेळ महत्त्वाचा ठरला आहे. व्हेनेटोक्लॅक्स हे अधिजनुकीय औषध नव्हे. कर्कपेशीला मरणापासून वाचविणारे बीसीएल-२ हे प्रथिन ते निष्प्रभ करते. पंचाहत्तरीच्या पुढील अथवा जालीम उपचार न झेपणाऱ्या ४३१ रुग्णांच्या २०२० सालच्या चाचणीत मध्यक आयुर्मान ९.६ महिन्यांवरून १४.७ महिन्यांवर गेले. २०२४ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत रेव्ह्युमेनिब या औषधास मान्यता मिळाली. केएमटी-२ए जनुकातील अदलाबदलीमुळे चुकीची पाने उघडी राहतात, ती मिटविण्याचे काम ते करते.

हे आकडे महिन्यांचे आहेत, वर्षांचे नव्हेत, असे कोणी म्हणेल. तथापि काही महिन्यांचा काळ शुद्धीवर, आपल्या माणसांत घालविता येणे ही वृद्ध रुग्णाच्या दृष्टीने लहान गोष्ट नाही. मध्यकाच्या पलीकडे दीर्घकाळ जगणारे रुग्णही असतातच.

रुग्णाच्या कुटुंबाने काय ध्यानात ठेवावे

वर सांगितलेली लक्षणे दिसताच प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ताची संपूर्ण तपासणी करून घ्यावी. ती साधी व अल्प खर्चाची असते. पेशींच्या संख्येत मोठी तफावत आढळल्यास विलंब न लावता मोठ्या रुग्णालयात जावे. तेथे मज्जेची तपासणी होते. कोणत्या जनुकात दोष आहे हे पाहणारी चाचणीही करून घेणे आवश्यक आहे, कारण आता औषधाची निवड तिच्यावर अवलंबून असते.

ॲझासिटिडीन सर्वसाधारणपणे दर २८ दिवसांतून सात दिवस टोचून दिले जाते. एकट्या औषधाचा गुण दिसण्यास चार ते सहा आवर्तने लागू शकतात. पहिल्या एक-दोन आवर्तनांत रक्तपेशी आणखी घटतात व रुग्ण अधिकच खंगल्यासारखा दिसतो. औषध लागू पडत नाही असे समजून पुष्कळ कुटुंबे याच वेळी उपचार सोडतात. तो निर्णय डॉक्टरांशी बोलल्यावाचून कधीही घेऊ नये. या काळात ताप आल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. ट्रेटिनॉइन, आर्सेनिक वा आयव्होसिडेनिब चालू असताना ताप, धाप किंवा अंगावर सूज आल्यास तेही तत्काळ कळवावे.

खर्चाचा प्रश्न मोठा असतो. ॲझासिटिडीन व डेसिटाबीन यांची निर्मिती भारतीय कंपन्याही करतात. हैदराबाद येथील डॉ. रेड्डीज या कंपनीने २०१३ साली ॲझासिटिडीन अमेरिकेच्या बाजारातही नेले. नवी औषधे मात्र महाग आहेत. केंद्र शासनाची आयुष्मान भारत योजना २०१८ पासून चालू आहे. ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न घालता, ऑक्टोबर २०२४ पासून तीत सामावून घेण्यात आले आहे. कोणता उपचार योजनेत बसतो याची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे प्रारंभीच करावी.

शेवटी गावाने करावयाचे एक काम उरते. उपचारकाळात रुग्णास वरचेवर रक्त व प्लेटलेट द्याव्या लागतात. साठविलेल्या प्लेटलेट केवळ पाच दिवस टिकतात, त्यामुळे एकदाच मोठे शिबिर घेऊन भागत नाही. दाते थोडे थोडे, पण सतत मिळावे लागतात. शिक्षक, ग्रामसेवक व तरुण मंडळांनी आपल्या गावातील रक्तगटांची यादी तयार ठेवली तर रात्री-अपरात्री धावाधाव करण्याची वेळ रुग्णाच्या घरावर येणार नाही. औषधांचा योग्य मेळ शास्त्रज्ञ शोधीतच आहेत. माणसांचा मेळ गावाला आजच घालता येईल.